थायरॉईडच्या पथ्यात बाजरी का नाही?

थायरॉईडची गोळी सुरू झाली की मराठवाड्यातल्या घरात पथ्याची एक यादी येते: कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद. लातूरच्या आडतीत सोयाबीनचे ढीग लागतात हे खरं, पण ते बहुतेक तेलगिरणीत जातं. ताटात येतात त्या फार तर सोयावड्या. कोबी-फ्लॉवरही बाजाराच्या दिवशीचे पाहुणे. रोज पोटात जाणाऱ्या धान्याबद्दल यादी गप्प असते.

यादीचा उगम दूरचा आहे. 1928 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना कोबीवर पोसलेल्या सशांमध्ये गलगंड, म्हणजे थायरॉईड ग्रंथीची सूज, आढळला. 1960च्या आसपास तिकडेच सोयाच्या पिठापासून केलेल्या दुधावर वाढणाऱ्या काही तान्ह्या बाळांना गलगंड झाला. थायरॉईडचं संप्रेरक बनायला आयोडीन लागतं; त्या दुधात ते मिसळू लागल्यावर ही तक्रार मिटली. यातली बंदी तेवढी आपल्यापर्यंत पोचली, आयोडीनचा भाग वाटेत गळाला.

बाजरीचा संशय पुढे आला तो 1980च्या दशकात, सुदानच्या दारफूरमधून. तिथल्या गावांत बाजरी हेच मुख्य अन्न आणि गलगंड घरोघरी. बाजरीच्या कोंड्यातली काही फ्लेवोन द्रव्यं थायरॉईडचं संप्रेरक तयार होण्यात अडथळा आणतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. पण दारफूरमध्ये आयोडीनचीही टंचाई होती, आणि ही द्रव्यं खरी बाधतात ती अशा टंचाईतच. म्हणून बीड-जालन्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाजरीची भाकरी खाणाऱ्यांनी घाबरून जायचं कारण नाही.

मग पाहायचं ते मिठाकडे. भाजी-धान्यात आयोडीन किती, हे जमिनीवर ठरतं. मासे, अंडी वर्ज्य असलेल्या माळकरी घरात आयोडीनचा आधार म्हणजे दूध-ताक आणि मीठ. मराठवाड्याला समुद्र नाही. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर किनाऱ्याकडून मीठ आणत. ते समुद्राचं, म्हणून त्यात आयोडीन भरपूर, असं आजही सहज बोललं जातं. प्रत्यक्षात साध्या समुद्री मिठात ते अगदीच थोडं असतं.

मिठात आयोडीन मिसळल्याने गलगंड हटतो का, याचा आपल्या देशात निकाल लावला तो हिमाचलच्या कांगडा खोऱ्याने. 1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधं. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड झपाट्याने कमी झाला, साध्या मिठाच्या भागात तसा झाला नाही. 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पण त्याची नजर हिमालयाच्या पट्ट्यावर होती. गलगंड त्या पट्ट्याबाहेरही आहे हे उमगल्यावर 1980च्या दशकात सगळ्या देशाचंच मीठ बदलायचं ठरलं. खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवर 1998 साली बंदी आली, 2000 साली उठली आणि 2006 पासून पुन्हा लागू झाली.

आज इकडे दवाखान्यात थायरॉईड मंदावलेले जे रुग्ण येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या आजाराचं मूळ आयोडीनच्या कमतरतेत नसतं. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी 1912 साली वर्णन केलेला हा आजार. त्यात कोबी सोडून ग्रंथी सुधारत नाही. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या (यांच्यात शाकाहारी बरेच) मोठ्या पाहणीतही (2013) दूध-अंडीसुद्धा न घेणाऱ्यांत थायरॉईड मंदावण्याचं प्रमाण जास्त आढळलं नाही. सोयाचं पथ्य आहे ते वेळेचं: सोया, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीसोबत घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच बदलाची. उपवासापुरतं असलेलं सैंधव आता ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या आमटीत पडू लागलंय. वरून न मिसळल्यास त्यात आयोडीन जवळपास नसतं. 2023च्या भरडधान्य वर्षापासून बाजरीचं कौतुक वाढलंय, ते योग्यच. पण ज्या घरात भाकरी बाजरीची, मीठ सैंधव आणि दूधही बंद, त्या घराला दारफूरची गोष्ट लागू होऊ शकते.