आधी माणसं की आधी काम? नाशिकच्या वाढीची पार्श्वभूमी

१९०१च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या २१,४९० होती. २०११मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. गोदाकाठच्या गर्दीकडे पाहून ‘माणसंच फार झाली’ असं सहज म्हटलं जातं, पण ही माणसं का वाढली याचं उत्तर प्रत्येक काळात वेगळं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली होती. १८९१ ते १९०१ या दशकात दुष्काळ आणि प्लेगनं माणसं नेली. त्यानंतर १९१८ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ आली. १९११ ते १९२१ या दशकात तर देशाचीच लोकसंख्या किंचित कमी झाली. जन्म तेव्हाही भरपूर होत, पण तितकेच मृत्यूही होत. पुढे देवीची लस, हिवतापावरचं नियंत्रण आणि दुष्काळात धान्य पोचवण्याची सोय यांमुळे मृत्यू झपाट्यानं घटले. जन्मदर मात्र सावकाश उतरला. सगळ्या विकसनशील देशांमधल्या लोकसंख्यावाढीचं मूळ या मधल्या अंतरात आहे. मुलं जगू लागली म्हणून लोकसंख्या वाढली, हे विसरून या विषयावर बोलूच नये.

स्वतंत्र भारतानं १९५२मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात सर्वांत आधी. त्याच्याही आधी, १९२१मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि त्यासाठी आयुष्यभर छळ सोसला. स्त्रीचं आरोग्य आणि तिची इच्छा हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. सरकारी कार्यक्रमात मात्र हळूहळू माणसापेक्षा उद्दिष्टाचा आकडा मोठा झाला. १९५८मध्ये कोल आणि हूवर या अर्थतज्ज्ञांनी भारताचंच उदाहरण घेऊन मांडलं की, खाणारी तोंडं वाढली की बचत घटते आणि कारखान्यांसाठी भांडवल उरत नाही. हा विचार पुढे फार प्रभावी ठरला. १९७४च्या बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंह यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचं सांगितलं. पण दोनच वर्षांत आणीबाणीतल्या सक्तीनं ते झाकोळलं. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. त्या सक्तीची किंमत कार्यक्रमानं पुढे कित्येक वर्षं मोजली, कारण लोकांचा विश्वासच उडाला.

नाशिक याच काळात वेगळ्या कारणानं वाढत होतं. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५चा, नोटांचा छापखाना १९२८चा. १९६०च्या दशकात ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूरला एमआयडीसी उभी राहिली, गंगापूर धरणाचं पाणी आलं. मागोमाग अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती, सिडकोची घरं. खानदेशातून, मराठवाड्यातून आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली. १९९१ला महापालिका हद्दीत साडेसहा लाख लोक होते, २००१ला पावणेअकरा लाख. दहा वर्षांत ६४ टक्के वाढ पाळण्यांमुळे होत नसते. इथे आधी काम आलं, मग माणसं.

जिल्ह्याच्या पश्चिमेला नेमकं उलट चित्र आहे. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पण पावसाळा सरला की हाताला काम नाही, म्हणून कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. तिथल्या गरिबीचं खापर मुलांच्या संख्येवर फोडणं मला अन्याय्य वाटतं. सिंचन, शाळा आणि दवाखाना तिथे उशिरा पोचले.

१९९०च्या दशकात चर्चा बदलली. पूर्व आशियात जन्मदर घटला, कमावत्या वयाच्या माणसांचं प्रमाण वाढलं आणि त्याच वेळी कारखान्यांनी त्यांना सामावून घेतलं. याला ‘लोकसंख्येचा लाभांश’ म्हणू लागले. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, १.७ होता; लोकसंख्या स्थिर राखायला लागणाऱ्या २.१ या पुनर्भरण पातळीच्याही खाली. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, बालमृत्यू घटले. त्यासाठी पोलीस लागले नाहीत. लाभांशाचा दुसरा भाग, म्हणजे काम, अजून अपुरा आहे. १९९०च्या दशकात जन्मलेली पिढी आज ऐन कमावत्या वयात आहे आणि औद्योगिक वसाहतींमधले कितीतरी जण कंत्राटी पगारावर आहेत. २०६०च्या सुमारास ही पिढी म्हातारी झालेली असेल आणि तिच्यामागे कमावणारे हात कमी असतील. तिच्या कायम नोकरीचा आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न आत्ताच सोडवावा लागणार आहे.