घरसामान हलवताना हरवलेल्या व मोडलेल्या वस्तूंची भरपाई : पात्रता, कागदपत्रे आणि तक्रारीची पद्धत

पुण्याहून बंगळुरूला निघालेले घरसामान उतरवून होते तेव्हा बहुधा रात्र झालेली असते, हमालांना परतीची घाई असते, आणि 'सर्व सामान सुस्थितीत मिळाले' असे आधीच छापलेला कागद सहीसाठी पुढे केला जातो. भरपाईची निम्मी लढाई याच कागदावर ठरते. सही करण्यापूर्वी त्यावर 'खोका क्र. १७ मिळाला नाही, टीव्हीच्या पडद्याला तडा' असा नेमका शेरा लिहून आपल्या प्रतीवरही चालकाची सही घ्यावी. शेरा राहून गेला असेल तर त्याच रात्री छायाचित्रांसह कंपनीला ई-मेल पाठवावा. काही दिवस उशिरा केलेली तक्रार कायद्याने बाद होत नसली तरी पुराव्याच्या दृष्टीने ती लंगडी पडते.

मोबदला देऊन स्वतःचे घरसामान हलवणारी कोणतीही व्यक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार 'ग्राहक' ठरते. बदलीच्या वेळी भाडे नोकरीच्या कंपनीने भरले असले, तरी तिच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा कर्मचारी तक्रार करू शकतो. व्यापारी मालाची वाहतूक मात्र सर्वसाधारणपणे यातून वगळलेली आहे.

सर्वाधिक दावे अडकतात ते नोटिशीच्या मुदतीत. वाहतूकदारांना लागू असलेल्या 'कॅरेज बाय रोड' कायदा, २००७ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस सामानाच्या बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत, आणि दावा दाखल करण्यापूर्वी, वाहतूकदाराला बजावावी लागते. हे दिवस सामान पोहोचल्यापासून मोजायचे नाहीत, ही गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे म्हणून निर्धास्त राहिल्यास ही आधीची पायरी चुकते. नोटिशीत बिल्टीचा (वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीचा) क्रमांक, वस्तूंची यादी, प्रत्येकीची किंमत आणि एकूण मागणी लिहून ती कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावी व पोचपावती जपावी.

जबाबदारीची मर्यादाही याच कायद्याखालील नियमांत आहे. जास्त जोखमीचा दर (वाहतूकदाराने अधिक जबाबदारी घ्यावी म्हणून दिलेले जादा भाडे) ठरवून घेतलेला नसेल, तर ती भाड्याच्या दहापट, पण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक नाही. म्हणजे भाडे १८,००० रुपये असल्यास मर्यादा १,८०,००० रुपये होते; परंतु विम्याचे पैसे वाचवण्यासाठी सगळ्या घराची किंमत ५०,००० लिहिली असेल, तर कंपनी तोच आकडा पुढे करते. विम्याच्या नावाने रक्कम घेतली असल्यास विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक लेखी मागावा. पॉलिसी खरोखर निघालेली असेल तर विमा कंपनीला ताबडतोब कळवावे आणि सर्वेक्षक येऊन पाहणी करेपर्यंत मोडकी वस्तू दुरुस्तीला देऊ नये. खोकेच्या खोके गायब असतील तर पोलिसांतही फिर्याद द्यावी, कारण वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील गुन्हा आहे.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे तडजोड घडू शकते, आदेश होत नाही. आदेश हवा असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. सेवेचा मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणे तिथे चालतात आणि तो ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे घरसामानाची जवळपास सर्व प्रकरणे निःशुल्क. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाखल करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे, त्यामुळे बिल्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या 'दिल्ली न्यायक्षेत्र' या ओळीने घाबरून जाऊ नये.

अर्ज 'ई-जागृती' संकेतस्थळावर ऑनलाइन किंवा आयोगाच्या कार्यालयात देता येतो व वकील नेमणे बंधनकारक नाही. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, ओळख व पत्त्याचा पुरावा, कोटेशन, बिल्टी, भाडे भरल्याची पावती, सामानाची यादी, शेरा असलेली प्रत, छायाचित्रे, वस्तूंची खरेदीबिले किंवा दुरुस्तीचा अंदाज, आणि नोटीस पोचपावतीसह जोडावी. बिले सापडत नसतील तर बँकेच्या खात्यातील नोंदी आणि जुन्या ऑनलाइन ऑर्डरी पुरावा म्हणून चालवून पाहाव्यात.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्या कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिल्यास आणखी १५. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, मात्र अपील कंपनीचे असेल तर आदेशातील निम्मी रक्कम तिला आधी जमा करावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी टाळाटाळ झाल्यास ज्या आयोगाने आदेश दिला त्याच्याकडेच अंमलबजावणीचा अर्ज करावा.