पार्श्वभूमी : शटलच्या टाइल्स आणि बॉनी डनबार

मार्च १९७९मध्ये 'कोलंबिया' हे अवकाशात जाणारे पहिले स्पेस शटल बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवरून कॅलिफोर्नियातून फ्लोरिडाला हलवण्यात आले, तेव्हा त्याच्या अंगावर हजारो टाइल्स बसवायच्या राहिल्या होत्या. शिवाय विमानाने त्याला हवेत उचलताच बसवलेल्यांपैकीही बऱ्याच गळून पडल्या. पृथ्वीच्या वातावरणात परतताना सुमारे १,२६० अंश सेल्सिअस उष्णता ज्या कवचाने सोसायची, त्याची अशी अवस्था वृत्तपत्रांत चेष्टेचा विषय झाली. या टाइल्स तयार करण्याची यंत्रणा आणि प्रक्रिया विकसित करण्याचे काम केलेली एक तरुण अभियंता त्या वेळी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात रुजू झालेली होती. पुढे ती त्याच टाइल्सच्या आडोशाने पाच वेळा पृथ्वीवर परतली. बॉनी डनबार यांची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात या टाइल्सपासून करावी लागते.

डनबार यांचा जन्म ३ मार्च १९४९ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सनीसाइड या गावी झाला. जवळच आउटलुक नावाची छोटी वस्ती आहे, तेथे कुटुंबाचे गुरांचे कुरण होते आणि त्यांचे बालपण तेथल्या कामांतच गेले. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी सिरॅमिक अभियांत्रिकी ही शाखा निवडली आणि १९७१मध्ये पदवी, तर १९७५मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. सिरॅमिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपबशा आणि न्हाणीघरातल्या फरशा येतात. पण विभागप्रमुख जेम्स म्युलर यांच्याकडे तेव्हा नासाच्या निधीतून उष्णतारोधक पदार्थांवर संशोधन चालू होते, आणि अवकाशाची ओढ असलेल्या विद्यार्थिनीला याहून सरळ वाट त्या काळी मिळणे अवघड होते.

याआधीच्या अपोलो यानांचे उष्णतारोधक आवरण परतीच्या वाटेवर जळत, झिजत जाई आणि एकदाच उपयोगी पडे. शटल मात्र पुन्हापुन्हा उडणार होते आणि त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. त्याचे तापमान साधारण १७५ अंशांच्या वर जाऊ देणे परवडणारे नव्हते. यावर उपाय म्हणून अतिशुद्ध सिलिकाच्या तंतूंपासून टाइल्स बनवण्यात आल्या. त्यांच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ही निव्वळ पोकळी असते, त्यामुळे त्या वजनाला अगदी हलक्या असतात आणि उष्णता इतक्या सावकाश वाहून नेतात की भट्टीतून नुकतीच काढलेली, आतून लाल दिसणारी टाइल कडांना धरून उघड्या हाताने उचलता येते. मात्र त्या ठिसूळ असतात आणि खालचा धातू उड्डाणात वाकतो, ताणला जातो. म्हणून धातू आणि टाइल यांच्यामध्ये नमद्यासारख्या जाड कापडाचा थर घालून सिलिकॉनच्या गोंदाने ती चिकटवावी लागे. कोलंबियावर अशा ३० हजारांहून अधिक टाइल्स होत्या आणि यानाच्या वळणांनुसार जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा असल्याने तिची जागा क्रमांकाने ठरलेली असे. कापडाच्या थरामुळे ताण काही ठिकाणीच एकवटतो आणि जोड अपेक्षेपेक्षा बराच दुबळा पडतो, हे लक्षात आल्यावर असंख्य टाइल्स काढून, त्यांचा तळ अधिक घट्ट करून पुन्हा बसवण्यात आल्या. मुख्य इंजिनांच्या अडचणींबरोबरच या कामाने पहिले उड्डाण लांबवले. ते अखेर १२ एप्रिल १९८१ रोजी झाले.

डनबार १९७६मध्ये रॉकवेल इंटरनॅशनल कंपनीच्या अवकाश विभागात वरिष्ठ संशोधन अभियंता म्हणून दाखल झाल्या आणि पामडेल येथील टाइलनिर्मितीची उपकरणे व पद्धती उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याआधी त्यांनी बोइंगच्या संगणक विभागात दोन वर्षे नोकरी केली होती आणि इंग्लंडमधील हारवेल येथील प्रयोगशाळेतही काही काळ संशोधन केले होते.

त्याच सुमारास नासाचे दार उघडत होते. आरंभीच्या अमेरिकी अंतराळवीरांसाठी जेट विमानांच्या चाचणी वैमानिकाचा अनुभव सक्तीचा होता, आणि तो अनुभव मिळवण्याची संधीच स्त्रियांना नव्हती. नियमात स्त्रियांना बंदी असल्याचे कोठेही लिहिलेले नसताना ती अशी परस्पर लागू होत असे. शटलमध्ये वैमानिकांखेरीज प्रयोग आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या तज्ज्ञांची गरज निर्माण झाली, तेव्हा ही अट निम्म्या जागांपुरती का होईना गळून पडली. जानेवारी १९७८मध्ये जाहीर झालेल्या ३५ जणांच्या तुकडीत प्रथमच सहा स्त्रिया होत्या. डनबार यांनीही अर्ज केला होता, पण त्यांची निवड झाली नाही. त्या वर्षी त्या उड्डाण नियंत्रक म्हणून नासात गेल्या.

तेथे त्यांच्या वाट्याला आलेले एक काम आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या चांगलेच स्मरणात असेल. १९७९च्या जुलैत 'स्कायलॅब' ही पृथ्वीभोवती फिरणारी अमेरिकी अवकाश प्रयोगशाळा कोसळणार म्हणून भारतभर घबराट पसरली होती आणि ती कोणाच्या डोक्यावर पडेल याची चर्चा गावोगावच्या पारांवर रंगली होती. त्या वेळी स्कायलॅबच्या पुनःप्रवेशावर लक्ष ठेवणाऱ्या चमूत डनबार मार्गदर्शन व दिक्चालन अधिकारी होत्या. ११ जुलै रोजी तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

१९८०च्या निवडीत १९ अमेरिकी उमेदवारांमध्ये डनबार आणि मेरी क्लीव्ह या दोनच स्त्रिया होत्या, आणि दोघीही अभियंत्या होत्या. प्रशिक्षण चालू असतानाच डनबार यांनी ह्यूस्टन विद्यापीठातून १९८३मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. पहिले उड्डाण ३० ऑक्टोबर १९८५ रोजी 'चॅलेंजर'मधून झाले. त्यात आठ जण होते आणि प्रयोगांचे नियंत्रण पश्चिम जर्मनीतील ओबरफाफेनहोफेन येथून होत होते. चॅलेंजरचे हे शेवटचे यशस्वी उड्डाण ठरले. पुढचे २८ जानेवारी १९८६ रोजी ७३ सेकंदांत संपले.

जानेवारी १९९०मधील दुसऱ्या उड्डाणात त्यांचे मूळ शिक्षण आणि प्रत्यक्ष काम सर्वांत जवळ आले, असे मला वाटते. निरनिराळे पदार्थ अवकाशात दीर्घकाळ उघडे राहिल्यास त्यांचे काय होते हे तपासण्यासाठी १९८४मध्ये एक अवजड उपग्रह सोडण्यात आला होता. वर्षभरात तो परत आणायचा होता, पण चॅलेंजरच्या अपघातानंतर शटलची उड्डाणे थांबली आणि तो जवळपास सहा वर्षे वर राहून हळूहळू खाली येत गेला. सुमारे ९,७०० किलो वजनाचा हा उपग्रह डनबार यांनी यांत्रिक हाताने पकडून कोलंबियाच्या मालकक्षात आणला. १९९२मध्ये पुन्हा कोलंबियावरून जाताना त्या प्रयोगांच्या प्रमुख होत्या. जवळजवळ चौदा दिवसांच्या, तोवरच्या सर्वांत लांब शटल मोहिमेतील त्या फिरत्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढवण्याची एक भट्टीही होती, म्हणजे सिरॅमिकच्या अभियंत्याला भट्टी अवकाशातही सुटली नाही.

१९९४पासून त्यांनी मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत वर्षभराहून अधिक काळ रशियन भाषेतून प्रशिक्षण घेतले. 'मीर' स्थानकावर जाणाऱ्या नॉर्मन थॅगार्ड यांच्या त्या राखीव सहकारी होत्या. मीरवर दीर्घ मुक्काम त्यांना मिळाला नाही, मात्र जून १९९५मध्ये शटल प्रथमच मीरला जोडले गेले त्या मोहिमेत आणि जानेवारी १९९८च्या मोहिमेत त्या तेथे जाऊन आल्या. पाच उड्डाणांत मिळून त्यांनी सुमारे ५० दिवस अवकाशात काढले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण मृत्युमुखी पडले. चावलाही अभियंत्याच होत्या, आणि भारतात त्यांच्या अभ्यासापेक्षा त्यांच्या मृत्यूचीच आठवण अधिक काढली जाते. या अपघाताचा दोष अनेकदा टाइल्सवर टाकला जातो, तो बरोबर नाही. उड्डाणाच्या वेळी बाह्य टाकीवरून सुटलेला फेसाचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला आणि तेथील कार्बनच्या कवचाला भोक पडले. टाइल्सपेक्षाही जास्त उष्णता सोसणारा हा वेगळाच पदार्थ होता. कवच मात्र एकच, त्याचा एक कोपरा उघडा पडला की उरलेल्या हजारो टाइल्स शाबूत असून उपयोग नसतो.

नासा सोडल्यावर २००५ ते २०१० या काळात डनबार यांनी सिएटलच्या विमान संग्रहालयाचे नेतृत्व केले आणि नंतर टेक्सासमध्ये अध्यापन केले. निवृत्त शटलपैकी एखादे सिएटलला मिळावे यासाठी त्या संग्रहालयाने बरीच खटपट केली होती. २०११मध्ये वाटणी झाली तेव्हा त्याच्या वाट्याला आला तो शटलचा पूर्णाकृती सराव-सांगाडा, ज्यात शिरून अंतराळवीर तयारी करत असत. तो मुख्यतः प्लायवूडचा आहे आणि त्याला पंख नाहीत.