शेजारच्या भिंतीतले ढेकूण

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात २२३ सदनिकांची एक उंच इमारत कीटकतज्ज्ञांनी तपासली. पहिल्या घरात ढेकूण असल्याची खात्री झाल्यापासून ४१ महिन्यांत तिथल्या ४५ टक्के घरांना त्यांचा उपद्रव झाला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरांच्या मुख्य दारांपाशी सापळे ठेवले, तेव्हा ढेकूण दारातून ये-जा करताना त्यांत अडकले. अडकलेल्यांत पिलांपेक्षा प्रौढ ढेकूण कितीतरी जास्त होते. बॅगेतून, जुन्या सोफ्यातून किंवा पाहुण्याच्या अंथरुणातून ढेकूण येतात हे खरेच, पण तो झाला इमारतीत शिरण्याचा मार्ग. आत शिरल्यावर पुढची अनेक घरे ते चालत गाठतात.

उपाय मात्र बहुतेक ठिकाणी खोलीखोलीने होतो. ज्याने तक्रार केली त्याच्या खोलीत फवारणी होते, महिनाभर बरे वाटते आणि मग पुन्हा खाज सुरू होते. दोष औषधाला किंवा फवारणाऱ्याला दिला जातो. खरी अडचण अशी की शेजारच्या भिंतीपलीकडे कोणी पाहिलेलेच नसते.

ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, अंगावर घर करून राहत नाही. पोटभर रक्त प्यायला त्याला पाच-दहा मिनिटे लागतात. मग तो फटीत परततो आणि काही दिवस तिथेच पचन करत बसतो. मग एवढा आळशी प्राणी शेजारच्या घरी जातो कशाला? उत्तर त्याच्या विचित्र समागमात सापडते. नर मादीच्या पोटाला आपल्या टोकदार अवयवाने भोक पाडतो आणि तिथून शुक्राणू आत सोडतो. प्रत्येक वेळी मादीला जखम होते. दाटीच्या फटीत वारंवार जखमा होऊ लागल्या की तिचे आयुष्य घटते, म्हणून फलित माद्या घोळक्यापासून दूर सरकतात. नेमकी अशी एकच मादी नवे घर वसवायला पुरते. तिची पिले आपसांत प्रजनन करतात आणि जवळच्या नात्यातल्या संकराचा त्यांना फारसा तोटा होत नाही. एकेका इमारतीतल्या ढेकणांची जनुके तपासली तेव्हा अख्खी वसाहत मोजक्याच, कधीकधी एकाच मादीपासून वाढल्याचे दिसले.

मादी दिवसाला साधारण एक ते पाच अंडी घालते आणि आयुष्यभरात दोनशेच्या आसपास. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, मोत्यासारखे पांढरे आणि पृष्ठभागाला घट्ट चिकटवलेले असते. उबदार हवेत ते सहा ते दहा दिवसांत फुटते. पिलू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला एकदा रक्त मिळावे लागते. अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. पुढच्या सगळ्या वेळापत्रकाचा हिशेब याच आकड्यांवर बसतो.

आता शोध. चाव्यांवरून निदान करायला जाऊ नये. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांध्या उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. काहींना पुरळ कित्येक दिवसांनी उठते. वयस्कर माणसांच्या अंगावर खुणा अनेकदा दिसतच नाहीत, त्यामुळे वृद्धाश्रमात कोणाचीच तक्रार नसणे हे ढेकूण नसल्याचे लक्षण मानता येत नाही. भरवशाची खूण म्हणजे विष्ठेचे काळे ठिपके. ओल्या कापडाने पुसले की ते शाईसारखे पसरून तांबूस-तपकिरी होतात. त्यासोबत पिवळसर पारदर्शक काती आणि अंड्यांची रिकामी टरफले दिसतात. हातात टॉर्च आणि जुने प्लास्टिक कार्ड घ्यावे. गादीची शिवण, तिच्या कडेची गोठ, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, स्क्रूची भोके आणि लाकडी सांधे या क्रमाने पाहावे. फटीत कार्ड फिरवले की लपलेले बाहेर पडतात. नव्या उपद्रवात बहुतेक ढेकूण झोपणाऱ्याच्या जवळच असतात. भिंतीवरच्या चौकटीमागे, स्विचबोर्डात किंवा पडद्याच्या घडीत ते सापडू लागले, तर उपद्रव जुना झाला असे समजावे.

एका खोलीत ढेकूण सापडले की त्याच दिवशी तिच्या डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या आणि समोरच्या खोल्या तपासाव्यात. त्यांपैकी एकीत सापडले तर तिला केंद्र धरून पुन्हा तेच करावे. ज्या खोल्यांत काही सापडत नाही असे पूर्ण वर्तुळ मिळेपर्यंत थांबू नये. इमारतीच्या नकाशावर तारखेसह खुणा केल्या तर ढेकूण कुठल्या पाइपच्या किंवा तारांच्या मार्गाने सरकताहेत हे आपोआप दिसू लागते. हे काम जो बघतो त्याने एक गोष्ट सुरुवातीलाच जाहीर करावी: ढेकूण निघाले म्हणून कोणालाही दंड होणार नाही, नोटीस मिळणार नाही आणि खर्च समाईक असेल. ढेकणांचा स्वच्छतेशी संबंध नाही. त्यांना रक्त लागते, खरकटे नाही. पसारा असला तर लपायला जागा वाढते, इतकेच. शिक्षेची भीती असेल तर लोक लपवतात, बाजारातली मिळेल ती औषधे स्वतःच मारतात आणि तोवर शेजारची चार घरे बाधित होतात.

अशा घरगुती प्रयोगांत पहिला मान धुराच्या डब्यांचा. डब्याची कळ दाबून खोली बंद करायची आणि बाहेर जायचे, ही कल्पना सोयीची आहे, पण त्यातले बारीक थेंब उघड्या पृष्ठभागावर बसतात, तर ढेकूण असतात फटीत. शिवाय या डब्यांत असतात ती पायरेथ्रॉइड गटातली औषधे, आणि ढेकणांच्या अनेक वसाहती त्यांना दाद देत नाहीत. ही औषधे मज्जातंतूंतल्या सोडियमच्या मार्गिकेवर काम करतात. त्या मार्गिकेच्या रचनेत बदल झालेले, विष फोडणारी विकरे जास्त बनवणारे आणि कातडी जाड झालेले ढेकूण आता जगभर आढळतात. ही गोष्ट नवीही नाही. डीडीटी वापरात येऊन काही वर्षे होतात न होतात तोच, १९४७ मध्ये पर्ल हार्बरच्या नौदल बराकींतल्या ढेकणांवर ते चालेनासे झाले होते. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड यांचा मारा एकाच जागी पडत असल्याने एकाविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती ढेकणांना दुसऱ्याविरुद्धही उपयोगी पडते. औषधाने न मरणारे ढेकूण त्रासले की जागा बदलतात, आणि जवळची जागा म्हणजे शेजारी.

रॉकेल किंवा अल्कोहोल गादीवर शिंपडणे तर आगीला आमंत्रण. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत ठेवणे. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, फटींतून आणि पाइपांच्या भोकांतून तो शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसे दगावतात. त्यावर उतारा नाही. राहत्या इमारतीत या गोळ्या कोणी आणू नयेत आणि कोणी आणल्याचे कळले तर खोल्या ताबडतोब रिकाम्या करून अग्निशमन दलाला बोलवावे.

ढेकणांना प्रतिकारशक्ती कमावता न आलेली गोष्ट म्हणजे उष्णता. प्रौढ साधारण ४८ अंश सेल्सिअसला लवकर मरतात, अंड्यांना जवळपास ५५ अंश लागतात. तापमान कमी असेल तर वेळ वाढवावा लागतो. ४८ अंशांवर अंडी मारायला सुमारे ७२ मिनिटे लागतात. म्हणून कपडे, चादरी आणि उशांची खोळे ६० अंशांच्या पाण्यात धुवावीत किंवा कोरडीच ड्रायरमध्ये सर्वांत गरम सेटिंगवर किमान अर्धा तास फिरवावीत. ड्रायर अर्ध्याहून जास्त भरू नये, कारण मधला गठ्ठा तापतच नाही. घाण कपडे खोलीतच पिशवीत बांधावेत, पिशवी यंत्रापाशीच उघडावी, ती तिथेच टाकून द्यावी आणि स्वच्छ कपडे नव्या पिशवीत परत आणावेत. जुन्याच पिशवीतून परत आणले की सगळी मेहनत वाया. ज्या वस्तू तापवता येत नाहीत त्या उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवता येतात. जाड वस्तूंच्या आतपर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो, म्हणून त्यांना जास्त दिवस द्यावेत. गादी उन्हात टाकण्याचा फायदा लोक समजतात त्याहून फार कमी आहे. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि गादीचा गाभा कोमटच राहतो.

शिवणी आणि सांध्यांसाठी वाफ उत्तम. कोरडी वाफ देणारे यंत्र घ्यावे, त्याचे तोंड रुंद असावे आणि झोत सौम्य. जोराच्या झोताने ढेकूण उडून पलीकडे पडतात. तोंड पृष्ठभागाला टेकवून सेकंदाला दोन-अडीच सेंटिमीटर इतक्या सावकाश न्यावे. वाफ गेल्यावर लगेच पृष्ठभागाचे तापमान मोजले तर ७० अंशांच्या वर दिसायला हवे. स्विचबोर्डात मात्र वाफ कधीच नाही. वाफेआधी व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी फिरवली तर एका फेरीत शेकड्यांनी ढेकूण कमी होतात, मात्र चिकटलेली अंडी निघत नाहीत. काम झाल्यावर पिशवी लगेच बांधून इमारतीबाहेर न्यावी. यंत्राच्या नळीत जिवंत ढेकूण राहिला आणि तेच यंत्र दुसऱ्या खोलीत गेले, तर आपणच प्रसार केला.

वाफ सुकली की मागे काहीच उरत नाही. ती उणीव सिलिका जेलची पूड भरून काढते. ही पूड ढेकणाच्या कातडीवरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो सुकून मरतो. डायटोमेशियस अर्थ ही पूडही तेच करते, पण सावकाश. पायांना लागलेली पूड ढेकूण लपण्याच्या जागेत घेऊन जातो, हा जास्तीचा फायदा. ती भिंतीच्या पोकळीत, पाइपांभोवतीच्या भोकांत, पलंगाच्या सांध्यांत आणि पुरवठा बंद करून स्विचबोर्डामागे द्यावी. थर जेमतेम दिसेल इतका पातळ हवा. ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातात आणि पूड माणसांच्या फुप्फुसात जाते. कीटकांसाठी नोंदणी असलेलीच पूड घ्यावी आणि मास्क लावून काम करावे. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीत वापरतात ती डायटोमेशियस अर्थची पूड अजिबात नको, तिच्यात फुप्फुसांना घातक अशी स्फटिक सिलिका असते. पूड भरून झाल्यावर पाइपांभोवतीची भोके सीलंटने बुजवावीत आणि मार्गिकेकडच्या दारांखाली पट्टी बसवावी.

फवारणी वर्ज्य नाही. वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधे जाणकाराकडून मारून घ्यावीत आणि दर दोन आठवड्यांनी निदान तीनदा. पहिल्या फेरीत वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात, पण त्यांतली पिले अजून अंडी घालण्याच्या वयाची नसतात. दुसरी फेरी दोन महिन्यांनी ठेवली तर नवी पिढी आधीच कामाला लागलेली असते. सगळ्या बाधित खोल्यांचे काम एकाच आठवड्यात झाले पाहिजे.

तयारीच्या नावाखाली सगळे सामान मार्गिकेत काढून ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. फेकायचा पलंग खोलीतच प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि कोणी उचलून नेऊ नये म्हणून फोडून टाकावा. खोली सोडून दुसरीकडे झोपायला जाणेही तितकेच वाईट. ढेकूण माणसाच्या उबेचा आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढतात. उपाशी ढेकूण खोलीच्या तापमानात कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे कुलूप लावून खोली स्वच्छ होत नाही. गादीला पूर्ण झाकणारे, चेन असलेले आवरण घालून तिथेच झोपावे आणि ते आवरण वर्षभर काढू नये. पलंग भिंतीपासून हातभर ओढावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि प्रत्येक पायाखाली सापळ्याची वाटी ठेवावी.

ही वाटी स्वस्तात मस्त हेर आहे. बाहेरची भिंत खरबरीत, म्हणून ढेकूण चढतो. आतली गुळगुळीत, म्हणून पडल्यावर निघता येत नाही. त्यातही एक मेख आहे. समशीतोष्ण देशांतला, सायमेक्स लेक्ट्युलॅरियस या जातीचा ढेकूण अशा वाटीत अडकतो, पण उष्ण प्रदेशातल्या सायमेक्स हेमिप्टेरस या जातीच्या ढेकणाच्या पायांवर चिकट केसांची गादी मोठी असते आणि तो गुळगुळीत भिंतही बऱ्याचदा चढून जातो. उष्ण प्रदेशात म्हणून आतल्या बाजूला टाल्कचा पातळ हात फिरवावा, धूळ साचली की पुसून पुन्हा लावावा आणि वाटी रिकामी असली तरी टॉर्चने गादी पाहत राहावे.

शेवटच्या फवारणीनंतर वाट्या दर दोन आठवड्यांनी तपासाव्यात. सलग आठ आठवडे बाधित खोल्यांत आणि त्यांच्या शेजारच्या खोल्यांत एकही जिवंत ढेकूण, नवी कात किंवा ताजा ठिपका आढळला नाही, तरच नकाशावरची खूण खोडावी. मधल्या काळात एकाच वाटीत एकच पिलू सापडले तरी मोजणी त्या दिवसापासून पुन्हा शून्यावर येते आणि त्या खोलीभोवतीच्या खोल्यांची तपासणीही नव्याने करावी लागते.