गांडुळांचा डबा आणि झाकणाची भोकं

पहाटे गळ टाकायला जायचं म्हणून आदल्या संध्याकाळीच गांडुळं जमवून ठेवली होती. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, आत माती, वर मूठभर गांडुळं. त्यांना ओलावा लागतो एवढंच ऐकलेलं, म्हणून पाणी सढळ हाताने ओतलं. सकाळी झाकण काढलं तर असा भपकारा आला की डबा तसाच हातभर लांब धरून बाहेर नेला. आत नुसता करडा लगदा.

गांडुळाला फुप्फुसं नसतात, कल्लेही नसतात. ते कातडीने श्वास घेतं. हवेतला ऑक्सिजन आधी कातडीवरच्या बुळबुळीत थरात विरघळतो आणि मग खालच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो. म्हणून कातडी सुकली की भोवती हवा असूनही ते गुदमरतं. उलट, ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यात बुडवून ठेवलं तरी ते दिवसच्या दिवस तगतं. मग माझी गांडुळं कशाने मेली? साचलेल्या पाण्याने. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, वर झाकण घट्ट. होता तेवढा ऑक्सिजन रात्रीत संपला.

तशी गांडुळं चिवट असतात. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन पेशींत नसतं, थेट रक्तद्रवातच तरंगतं, आणि त्याचा रेणू अवाढव्य असतो. आपल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनांच्या 4 साखळ्या, तर गांडुळाच्या रेणूत 144. तरीही डब्यात एक मेलं की घसरण सुरू होते: कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खातात, वर अमोनिया सोडतात, आणि शेजारचं आडवं होतं. त्यामुळे मेलेलं दिसताक्षणी उचलून टाकायचं. माती मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. आणि झाकणाला भोकं हवीतच. रोज एकदा नाक लावून पाहावं. पहिल्या पावसासारखा वास आला तर सगळं ठीक आहे.

फ्रीजचं काय? गांडुळं असोत की अळ्या, त्यांच्या शरीराचं तापमान भोवतालाप्रमाणे बदलतं. तापमान 10 अंशांनी उतरलं की शरीरातल्या क्रिया साधारण निम्म्यावर येतात: श्वास कमी, विष्ठा कमी, आयुष्य लांबतं. पण हा नियम डोळे झाकून लावायचा नाही. थंड प्रदेशातलं लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस जातीचं गांडूळ फ्रीजमध्ये खुशाल राहतं. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, खतासाठीही पाळलं जाणारं युड्रिलस युजेनी त्याच गारठ्यात मरून जातं. ते घरात सावलीला ठेवलेलंच बरं.

आमिष म्हणून जिवंत छोटे मासे ठेवायचे तर तेच गणित पाण्यात मांडायचं. एक लिटर गोड्या पाण्यात 20 अंशांना सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापलं की माशांना लागतो जास्त आणि मिळतो कमी. बादली सावलीत, हवेचा छोटा पंप चालू, मासे मोजके. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं, तेव्हा पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवावं.

माशीच्या अळ्यांचा स्वभाव मात्र निराळा. ओल्या झाल्या की अंगावरच्या पाण्याच्या पातळ थराने त्या गुळगुळीत भिंतीलाही चिकटतात आणि सरळ वर चढतात. झाकण सैल राहिलं तर सकाळी फ्रीजभर अळ्या. घरच्यांशी संबंध टिकवायचे असतील तर अळ्यांना कोरड्या भुशात ठेवावं. त्या ढिगाने राहिल्या की स्वतःच्याच उष्णतेने तापतात, म्हणून डबा उथळ घ्यावा. 2 ते 4 अंशांना त्यांचं कोष होणं लांबतं, थांबत नाही. झालेच कोष, तरी फेकायची घाई नको, तेही गळाला चालतात. ताजा, फिकट कोष पाण्यात बुडतो. पुढे तो गडद होत जातो, आत वायूचा बुडबुडा धरतो आणि तरंगू लागतो. आमिष तळाशी हवं असेल तर कोष पेलाभर पाण्यात टाकायचे आणि वर आलेले बाजूला काढायचे.