वर्गाबाहेरचा दिवस : कला आणि निसर्ग सहलींची पार्श्वभूमी

शाळेतील मुलांना चित्रसंग्रहालयात, ओढ्याकाठी किंवा रानात नेण्याचा कार्यक्रम वार्षिक नियोजनात जेमतेम एका ओळीचा असतो, आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिली काट बहुधा त्याच ओळीवर बसते. हा दिवस अभ्यासाचा धरायचा की सुट्टीचा, हा वाद आजचा नाही. या सहलींच्या गेल्या अडीचशे वर्षांच्या वाटचालीत तो सतत डोके वर काढत आला आहे.

ज्ञान पुस्तकांपेक्षा आकाश, जमीन आणि झाडे यांच्याकडून घ्यायला शिकवावे, असे सतराव्या शतकात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने लिहून ठेवले. तरीही १६५८ साली त्याने मुलांच्या हाती जे दिले ते सचित्र पुस्तकच होते, आणि मुलांना बाहेर नेण्याची कल्पना बराच काळ कागदावर राहिली. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या शिक्षणविषयक ग्रंथात फ्रेंच भाषेतील विचारवंत रूसोने ती प्रसंगातून रंगवली. माँमोरान्सीच्या उत्तरेकडील रानात गुरू आणि मुलगा वाट चुकतात. मुलगा भुकेने रडकुंडीला येतो. भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते हे गुरू त्याच्याच तोंडून वदवून घेतो आणि गाव दक्षिणेला असल्याने सावलीच्या उलट चालत दोघे जेवणाच्या वेळेस घरी पोहोचतात. दिशाज्ञानाचा याहून चांगला पाठ क्वचितच लिहिला गेला असेल. मात्र एमिल हा एका शिक्षकाचा एकुलता एक आणि तोही काल्पनिक विद्यार्थी. शाळेला तीस-चाळीस मुलांना घेऊन निघायचे असते.

ते काम जर्मनीत १७८४ साली झाल्समानने श्नेप्फेन्थाल येथे काढलेल्या शाळेने अंगावर घेतले. तिथे पायी भटकंती आणि बागकाम हे नेहमीच्या शिक्षणातच मोडत. पुढे भूगोलशास्त्राचा एक पाया घालणारा कार्ल रिटर हा त्या शाळेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होता.

कला आणि निसर्ग यांची खरी गाठ पडली ती मात्र स्वित्झर्लंडमधील इव्हरडन येथे. तेथील किल्ल्यात पेस्टालोझी या शिक्षणतज्ज्ञाने १८०५ ते १८२५ अशी वीस वर्षे शाळा चालवली. भूगोलाच्या पहिल्या पाठांसाठी मुलांना गावाजवळच्या, ब्यूरो नावाचा ओढा वाहतो त्या अरुंद दरीत नेले जाई. आधी संपूर्ण दरी नजरेत भरून घ्यायची, मग तिचे बारकावे पाहायचे आणि शेवटी दरीच्या कडेची माती खणून टोपल्यांत भरून घ्यायची, असा क्रम असे. किल्ल्यात परतल्यावर लांबलचक मेजांवर त्याच मातीतून मुले त्या दरीचा उठावदार नमुना घडवत. पुढच्या फेरीत आणखी थोडा प्रदेश पाहायचा आणि नमुना तेवढा वाढवायचा. हे सगळे पुरते समजल्यानंतरच नकाशा मुलांसमोर येई. भूगोल आणि शिल्पकला यांचे तास वेगळे मांडण्याची गरजच तिथे उरली नव्हती. आजच्या अनेक सहलींमध्ये हरवलेला दुवा नेमका हाच आहे असे वाटते : पाहिलेल्या गोष्टीचे हाताने काहीतरी करण्याचा. जिनिव्हात मुलांची निवासी शाळा चालवणारा चित्रकार रोडोल्फ टॉप्फर आपल्या विद्यार्थ्यांना आल्प्समध्ये पायी फिरवून प्रवासाच्या सचित्र वह्या तयार करी. १८४४ साली निघालेले त्याचे प्रवासवर्णन याच वह्यांतून आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण सार्वत्रिक झाले, वर्ग फुगले आणि हजेरीपटाला महत्त्व आले. इंग्लंडमध्ये शाळेचे सरकारी अनुदान हजेरीशी बांधलेले असल्याने, वर्ग संग्रहालयात नेणे म्हणजे पदरचे पैसे घालवणे होते. मँचेस्टरच्या गिरणी वस्तीतील मुलांनी चित्रे आणि फुले दोन्ही पाहावीत म्हणून टी. सी. हॉर्सफॉल यांनी १८८६ साली अँकोट्स भागात कलासंग्रहालय थाटले, तेव्हा हीच अडचण आडवी आली. त्यांनी तिचा पिच्छा पुरवला आणि १८९५ साली शाळासंहितेत, म्हणजे शाळांसाठीच्या सरकारी नियमावलीत, बदल झाला. शिक्षकाच्या देखरेखीखाली संग्रहालयात घालवलेला वेळ शाळेतील हजेरी म्हणून मोजला जाऊ लागला. सहलीच्या इतिहासात एखाद्या थोर ग्रंथापेक्षा या एका रुक्ष कलमाचे वजन अधिक मानावे लागते, कारण मुख्याध्यापकाला नाही म्हणण्याचे सर्वांत सोपे कारण त्याने काढून घेतले. लहान मुलांसाठीच काढलेले पहिले संग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाले. पहिल्या महायुद्धात शाळांच्या इमारती लष्करी रुग्णालयांसाठी घेतल्या गेल्या तेव्हा मँचेस्टरच्या विद्यापीठ संग्रहालयात नियमित वर्ग भरू लागले. तिथे सोय म्हणून सुरू झालेले काम पुढे कायम झाले.

अमेरिकेत निसर्गाभ्यासाची चळवळ वेगळ्या वाटेने आली. १८७३ च्या उन्हाळ्यात निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीस या छोट्या बेटावर शिक्षक-शिक्षिकांसाठी वर्ग भरवला, जिथे समुद्रातून काढलेले जीव हाच पाठ असे. त्याच डिसेंबरात ते वारले आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर तो वर्गही बंद पडला. मात्र आधी शिक्षकाला बाहेर न्यावे हा धडा टिकला. १८९० च्या दशकातील शेतीच्या मंदीत खेड्यांतील लोक शहरांकडे निघाल्यावर, मुलांना आपल्या शिवाराची गोडी लागावी या हेतूने न्यूयॉर्क राज्याने कॉर्नेल विद्यापीठाला शाळांसाठी निसर्गपत्रके काढायला पैसा दिला. अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांचा १९११ चा निसर्गाभ्यासाचा जाडजूड शिक्षक-मार्गदर्शक ग्रंथ याच पत्रकांतून उभा राहिला. गंमत अशी की मूळ आर्थिक हेतू मागे पडला आणि अभ्यास मात्र राहिला.

भारतात हा विचार सहलीच्याही पुढे गेला. १९०१ साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी वर्गच झाडांखाली नेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना आणखी एक पाऊल टाकले. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळाच गुरांच्या मागे कुरणात जाईल, अशी कुरणशाळा त्यांनी काढली. मुळातच रानात असलेल्या मुलांना रान दाखवण्याचा प्रश्न नव्हता, तर त्यांच्या रानातल्या दिवसाला शाळेचा दिवस मानण्याचा होता.

इंग्लंडमध्ये क्षेत्र अभ्यासाला, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायच्या अभ्यासाला, वाहिलेली संस्था १९४३ साली, ऐन युद्धात, स्थापन झाली. तिचे पहिले निवासी केंद्र १९४६ साली फ्लॅटफर्डच्या पाणचक्कीत सुरू झाले. ही चक्की चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या वडिलांची, आणि त्याचे १८२१ चे गवताच्या गाडीचे प्रसिद्ध चित्र तिच्याच शेजारच्या पाण्याचे. डबक्यातील जीव मोजायला आलेल्या मुलांना ते चित्र ज्या जागेचे आहे तिथेच उभे राहता येते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वादाचे केंद्र हजेरीवरून जोखमीकडे सरकले. १९९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या लाइम उपसागरात छोट्या होड्यांतून निघालेल्या शालेय सहलीतील चार मुले बुडाली आणि १९९५ साली साहस केंद्रांवर परवान्याचा कायदा आला. तो गरजेचाच होता. तेव्हापासून परवानगीपत्रे आणि जोखमीचे तक्ते ही सहलीच्या तयारीची पहिली पायरी झाली आहे.

उपयोग काय, या जुन्या प्रश्नाला मोजमापाचे उत्तर बरेच उशिरा मिळाले. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडले. मोफत सहलींसाठी शाळांची रीघ लागल्याने सोडत काढावी लागली, आणि त्यामुळे गेलेल्या आणि वाट पाहणाऱ्या मुलांची रास्त तुलना शक्य झाली. १२३ शाळांतील सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात, सहलीला गेलेल्या मुलांना चित्रांतील तपशील आठवत होते आणि पूर्वी न पाहिलेल्या चित्राविषयीही ती अधिक बारकाईने लिहीत होती. ग्रामीण आणि गरीब वस्तीतील शाळांच्या मुलांत हा फरक जास्त दिसला. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत, ज्यांत स्थानिक कारागिरांकडे शिकण्यापासून इतरही उपक्रम येतात.