पार्श्वभूमी : ताज्या हवेवर उबेचा भार

घर उबदार ठेवायचे आणि घरात ताजी हवा आणायची, ही दोन्ही कामे एकाच पंख्यावर आणि एकाच डक्टवर (हवा वाहून नेणाऱ्या नळीवर) सोपवावीत का, हा वाद थंड हवामानाच्या देशांत गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे. शयनगृह फार गरम, न्हाणीघर गार, हिवाळ्यात घसा कोरडा, पलंगावर गार हवेची धार अशा रहिवाशांच्या नेहमीच्या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकाच आकड्यात सापडते : नुसत्या ताज्या हवेतून घराला देता येणारी उष्णता, दर चौरस मीटरला १० वॅट.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. रोमन घरांत जमिनीखालून आणि भिंतींतल्या पोकळ्यांतून गरम धूर खेळवत. तो खोलीत येत नसे, म्हणून हवेच्या गोष्टीत त्याला फारशी जागा नाही. युरोपातली भिंतीतली शेकोटी मात्र दोन्ही कामे करी, तीही न ठरवता. धुराड्यातून वर जाणारी हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत खेचे, त्यामुळे माणसाचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. १७१३ मध्ये एका फ्रेंच पुस्तकात यावर उपाय सुचवला गेला : बाहेरची हवा शेकोटीमागच्या पोकळीतून फिरवून, गरम करून मग आत सोडायची. तीसेक वर्षांनी पेनसिल्व्हेनियात हीच कल्पना बिडाच्या शेकोटीत उतरली. पुढे तळघरातली भट्टी आली आणि १९३० च्या दशकात तिला विजेचा पंखा जोडला गेला. उत्तर अमेरिकेतली घरे तेव्हापासून प्रामुख्याने याच पद्धतीने तापवली जातात. पण त्या डक्टमधून फिरणारी हवा मुख्यतः घरातलीच असते. तीच ती हवा फिरवायची म्हटल्यावर उबेला लागेल तेवढी फिरवता येते, आणि नेमकी ही मोकळीक पुढे युरोपात सोडून देण्यात आली.

दरम्यान माणसाला ताजी हवा किती लागते, हा हिशेब वेगळाच चालला होता. १८५८ मध्ये म्युनिकमधल्या एका शास्त्रज्ञाने खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ०.१ टक्के अशी मांडली. त्याचा रोख त्या वायूच्या विषारीपणावर नव्हता. माणसांमुळे हवा किती कोंदट झाली, याचे ते मोजमाप होते. १८९५ च्या सुमारास अमेरिकी अभियंत्यांनी माणशी ताशी सुमारे ५० घन मीटर हवा मागितली. १९३६ मध्ये बाहेरून खोलीत येणाऱ्यांच्या नाकाला वास कितपत जाणवतो यावरून ती बरीच खाली आणली गेली. तेलसंकटानंतरच्या काटकसरीत मुख्यतः कचेऱ्यांसाठीचे किमान प्रमाण ८-९ घन मीटरवर उतरले, आणि डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, नव्या फर्निचरचा वास यांच्या तक्रारी वाढल्यावर १९८९ मध्ये पुन्हा तिप्पट-चौपट झाले. या सगळ्या हिशेबात थंडी कुठेच नाही. त्याचा आधार नाक हाच होता.

१९७३ च्या तेलसंकटानंतर घरे हवाबंद होऊ लागली. स्वीडनमध्ये घराची गळती पंख्याने दाब देऊन मोजण्याची रीत रुळली, आणि १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना इथे जाड उष्णतारोधनाचे, हीट एक्स्चेंजर बसवलेले एक प्रात्यक्षिक घर उभे राहिले. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देऊन टाकली की घराला लागणारी उरलेली उष्णता इतकी थोडी राहते, की तिच्यासाठी बॉयलर, पाइप, रेडिएटर असा सगळा पसारा मांडणे खर्चिक वाटू लागते. मग प्रश्न आपोआप आला : हवा आत येतेच आहे, तर उरलेली ऊब तिच्याच हाती का देऊ नये?

१९९१ मध्ये जर्मनीत डार्मश्टाट इथे चार जोडघरांची रांग उभी राहिली आणि त्या अनुभवातून ‘पॅसिव्ह हाउस’ हा घरांचा एक नवा दर्जा आकाराला आला. त्यातला १० वॅटचा आकडा असा निघतो : माणशी ताशी ३० घन मीटर ताजी हवा, माणशी ३० चौरस मीटर जागा, म्हणजे दर चौरस मीटरला ताशी एक घन मीटर. एक घन मीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात. २० अंशांच्या खोलीत हवा जास्तीत जास्त ५० अंशांवर सोडायची, म्हणजे फरक ३० अंशांचा. गुणाकार केला की १० वॅट. घराची उष्णतेची सर्वोच्च गरज याच्या आत बसली, तर नुसत्या ताज्या हवेवर घर उबदार राहते.

मांडणी देखणी आहे, पण तिचे तिन्ही पाय तीन वेगळ्या ठिकाणांहून आले आहेत. ३० घन मीटरचा आकडा वासाच्या हिशेबातून आला. ५० अंशांची मर्यादा हीटरच्या तापलेल्या पृष्ठभागावर धूळ करपून वास सुटू नये म्हणून घातलेली आहे. आणि ३० चौरस मीटर हे निव्वळ सरासरीचे गृहीतक. तेच सगळ्यात डळमळीत. नव्वद चौरस मीटरच्या घरात एकच माणूस राहिला, तर त्याच्या श्वासाला ताशी ३० घन मीटर पुरतात, पण घराच्या उबेला ९० लागतात. पंखा वाढवला की हवा कोरडी पडते : उणे १० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांवर आणली की तिची सापेक्ष आर्द्रता ९ टक्क्यांच्या आसपास उरते. माणसांच्या, स्वयंपाकाच्या, धुण्याच्या वाफेने ती सावरते खरी, पण एकट्याच्या घरात ती वाफ तरी किती? वाढवला नाही, तर घर गार.

समर्थकांची बाजूही भक्कम आहे, आणि ती मांडताना विरोधक हात आखडता घेतात. माणसाला आराम वाटतो तो केवळ हवेच्या तापमानावर नव्हे. भिंती-काचांचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, कपडे, हालचाल हे सगळे त्यात येते. १९७० मध्ये डेन्मार्कमधून आलेल्या समीकरणात ही सहा अंगे एकत्र बांधली गेली आणि पुढे तीच आंतरराष्ट्रीय मानकात गेली. खिडकीखाली रेडिएटर असे तो गार काचेवरून घोट्यांकडे घसरणारी हवा अडवायला. तीन काचांच्या खिडकीचा आतला पृष्ठभाग खोलीहून तीन-चार अंशांनीच गार असेल, तर ती घसरण जाणवेनाशी होते, आणि ऊब दाराच्या वरच्या झडपेतून आली तरी बिघडत नाही. छताला समांतर सोडलेली हवा काही अंतर छताला चिकटून जाते आणि माणसांपर्यंत येईतो मंदावते.

अडचण खरी येते ती हीटर बंद असताना. ऊन पडले, थर्मोस्टॅटने हीटर थांबवला, पण श्वासाची हवा चालूच. बाहेर उणे ५, आत २१, एक्स्चेंजर ८० टक्के ऊब परत देणारा, तरी आत येणारी हवा १६ अंशांची. झडप चुकीच्या जागी असेल तर ती मानेवर उतरते. १९८८ च्या डॅनिश अभ्यासाने दाखवले होते की झुळुकीचा त्रास वेगाइतकाच तिच्या अस्थिरतेवरही ठरतो. सरासरी वेग कमी असूनही हेलकावणारी हवा टोचते. उलट हवा फार गरम सोडली, तर ती छतापाशीच तरंगते आणि दाराच्या वर ठेवलेल्या फटीतून थेट खोलीबाहेर निघून जाते, पलंगावरच्या माणसाला ना ऊब ना ताजेपणा.

२००१ मध्ये स्वीडनमध्ये योटेबोरीजवळ लिंडोस इथे वीस घरे अशीच उभारली गेली. प्रत्येकात आत येणाऱ्या हवेत ९०० वॅटचा विजेचा हीटर, इतकाच. त्या पिढीच्या घरांतून एक गोष्ट स्पष्ट झाली, जी माझ्या मते कागदावरच दिसायला हवी होती. ताजी हवा शयनगृहात आणि बैठकीत सोडतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून बाहेर काढतात. म्हणजे ऊब सगळ्यात आधी पोचते जिथे लोकांना झोपताना गारवा हवा असतो तिथे, आणि सगळ्यात शेवटी जिथे ते कपडे काढून उभे असतात तिथे. न्हाणीघरात वेगळा हीटर लावावा लागला, आणि एकदा तो आला की ‘एकाच यंत्रणेत सगळे’ हा दावा सैल झाला. शिवाय इतकी थोडी हवा लांब डक्टमधून नेताना वाटेतच निवते.

त्यानंतर अनेक रचनाकारांनी दोन्ही कामे पुन्हा वेगळी केली : हवा श्वासापुरती, उबेसाठी एखाद-दोन छोटे रेडिएटर किंवा घरातलीच हवा फिरवणारा हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारे, एसीसारखे यंत्र). २०२० च्या साथीत हवा फिरवण्याच्या पद्धतीकडे संशयाने पाहिले गेले आणि ताज्या हवेच्या बाजूने तराजू थोडा झुकला. पॅसिव्ह हाउसच्या मानकात १० वॅटची अट अजून आहे, पण आता ती वार्षिक वापराच्या अटीला पर्याय म्हणून. ऊब हवेतूनच द्या असे ते सांगत नाही.

आता उन्हाळा लांबू लागल्यावर त्याच डक्टमधून गारवा देण्याची मागणी येते आहे. तिथेही तोच गुणाकार करायचा : ताशी ३० घन मीटर, ०.३३, आणि खोलीपेक्षा १० अंश गार हवा, कारण त्याहून गार हवा झडपेखाली सोसवत नाही आणि डक्टवर पाणी साचते. उत्तर येते सुमारे १०० वॅट, म्हणजे शांत बसलेला एक माणूस स्वतःच जितकी उष्णता बाहेर टाकतो साधारण तितकेच.